1.34 की 1.31? उद्यमबागेत आठ महिने ‘आर’ वापरल्यानंतर

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या वर्कशॉपच्या क्वालिटी रूममधल्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेला. बेळगावचा पाऊस, लाइटीचं येणं-जाणं, त्यात यूपीएसची बॅटरी जुनी. डेटा पेनड्राइव्हवर होता म्हणून वाचला. अडलं ते स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरवर. त्याचं लायसन्स त्या मशीनला बांधलेलं. नवीन मशीनवर चालू करून द्या म्हणून विक्रेत्याला फोन केले, मेल केले. उत्तर आलं, आधी पुढच्या वर्षाचं रिन्युअल भरा, मग बघू. रिन्युअलला चार महिने बाकी होते आणि पुण्याच्या गिऱ्हाइकाला पीपॅपची, म्हणजे पार्टच्या मंजुरीची, फाइल सोमवारी द्यायची होती. पैसे मोजून घेतलेली वस्तू आपल्याच टेबलावर कुलूपबंद, याचा मला फार संताप आला. त्याच रात्री ‘आर’ ही स्टॅटिस्टिक्सची मोफत संगणकभाषा आणि तिचं क्वालिटी कंट्रोलसाठीचं ‘क्यूसीसी’ पॅकेज उतरवून घेतलं.

आमचं काम थोडक्यात: कास्टिंग शेजारच्या फौंड्रीतून येतं, आम्ही त्याचा बोअर (आतलं गोल भोक) आणि फेस (सपाट बाजू) मशीन करतो. लागतं काय, तर कंट्रोल चार्ट (मापं काबूत आहेत का दाखवणारा आलेख), सीपीके (मापं टॉलरन्सच्या हद्दीत किती ऐसपैस बसतात त्याचा आकडा, जितका मोठा तितका चांगला) आणि गेज आर अँड आर (मोजायच्या साधनामुळे आणि माणसामुळे मापात किती फरक पडतो त्याची तपासणी). जुन्या सॉफ्टवेअरमधल्या शंभर मेन्यूंपैकी आम्ही पाच वापरत होतो.

पहिल्याच दिवशी मोठा धक्का बसला. 40 एच7 चा बोअर, म्हणजे व्यास 40 मिलिमीटर आणि टॉलरन्स 25 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पाच-पाच नगांचे 25 गट (सबग्रुप), सरासरी खालच्या हद्दीपासून 12 मायक्रॉनवर. मे महिन्याच्या रिपोर्टात याच आकड्यांचा सीपीके 1.34 होता. ‘आर’ने दिला 1.31. गिऱ्हाइकाची अट 1.33. तेच 125 आकडे एका सॉफ्टवेअरमध्ये पास आणि दुसऱ्यात नापास! फुकटचं ते फुकटचंच, असं मी त्या रात्री मालकांना फोनवर बोललो. आज तो शब्द मागे घेतो.

चूक कुणाचीच नव्हती. फरक सिग्मा, म्हणजे मापांचा पसारा, काढायच्या रीतीत होता; सरासरीपासून जवळच्या हद्दीपर्यंतचं अंतर भागिले तीन सिग्मा, हाच सीपीके. ‘क्यूसीसी’ स्वतःहून सबग्रुपच्या रेंजवरून (सगळ्यात मोठं वजा सगळ्यात लहान माप) सिग्मा काढतं: सरासरी रेंज 7.1 मायक्रॉन, भागिले 2.326, म्हणजे 3.05. पाचच्या सबग्रुपला हा 2.326 चा आकडा जुन्या माणसांना तोंडपाठ असतो, कारण ते कागदावर हेच करायचे. जुनं सॉफ्टवेअर सगळ्या सबग्रुपांचं व्हेरिअन्स एकत्र करून सिग्मा काढत होतं, तो आला 2.99. दोन्ही रीती पुस्तकातल्या, दोन्ही बरोबर. ‘क्यूसीसी’त सिग्माच्या जागी ‘आरएमएसडीएफ’ लिहिलं की तेही 1.34 देतं. सहा वर्षं मी 1.34 सारखे आकडे सही करून पाठवत होतो आणि आत कुठली रीत चालते हे एकदाही पाहिलं नव्हतं. मेन्यूत एक डीफॉल्ट होता, तो कुणीतरी माझ्यासाठी निवडून ठेवलेला. माझ्यासाठी या आठ महिन्यांतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, पैशांपेक्षाही मोठी. आता प्रत्येक रिपोर्टच्या खाली सिग्मा कुठल्या रीतीने काढला ते एका ओळीत लिहितो. पुण्याच्या इंजिनिअरला दोन्ही आकडे कारणासकट पाठवले. त्यांनी दोन्ही ठेवून घेतले आणि बोअरच सुधारायला सांगितलं. इन्सर्ट (कापणारं टोक) लवकर बदलायला लागल्यापासून कुठल्याही रीतीने काढा, सीपीके दीडच्या वर आहे.

आता तक्रारी. ‘क्यूसीसी’ सीपीके देतं, पण पीपीके (तेच गणित, पण सबग्रुप न पाडता सगळ्या आकड्यांच्या एकूण पसाऱ्यावरून) मागितला तर तो आपण काढायचा. दोन ओळींचं काम आहे, तरी पीपॅप करणाऱ्याला पीपीके पहिल्या दिवशी लागतो, तो नसणं मला पटत नाही. गेज आर अँड आरसाठी ‘सिक्स सिग्मा’ नावाचं वेगळं पॅकेज घ्यावं लागतं. दहा नग, तीन ऑपरेटर, तीन फेऱ्या हे सगळं त्यात बसतं, पण आकड्यांची मांडणी जरा चुकली की एरर येते आणि ती एरर नवख्याला काहीच सांगत नाही. माझे पहिले दोन आठवडे असेच गेले.

मालकांची हरकत वेगळी होती. ‘आर’ उघडलं की पहिल्याच पानावर लिहून येतं की याला कसलीही हमी नाही. मालक म्हणाले, “उद्या काय झालं तर कुणाला धरायचं?” प्रश्न रास्त होता. मी जुन्या लायसन्सचे कागद काढून त्यांच्यापुढे ठेवले. आकडा चुकून माल परत आला तर भरपाई देऊ असं त्यांतही कुठे नव्हतं. मग त्यांनी विचारलं, हे केलंय कुणी? न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन प्राध्यापकांनी सुरुवात केली, बेल लॅब्जच्या ‘एस’ या भाषेच्या धर्तीवर, आणि पहिली पक्की आवृत्ती 29 फेब्रुवारी 2000 ला आली, हे सांगितल्यावर त्यांचा जीव थोडा खाली बसला.

ऑडिटर मात्र अशा गोष्टींवर ऐकणार नव्हता, त्याला पुरावा हवा. अमेरिकेची एनआयएसटी ही मोजमापाची सरकारी संस्था सॉफ्टवेअर तपासायला डेटा आणि त्याची प्रमाणित उत्तरं मोफत देते. त्यातला लाँगलीचा डेटा, अमेरिकेतल्या नोकरदारांच्या संख्येचा, 1947 ते 1962 ची सोळा वर्षं, गणिताला अवघड म्हणून ओळखला जातो. तो ‘आर’मध्ये आधीपासूनच आहे. गणितातून उरणाऱ्या फरकाच्या सिग्माचं एनआयएसटीचं उत्तर 304.85, ‘आर’चं 0.3049. बघून छातीत धस्स झालं. नंतर लक्षात आलं की नोकरदारांचे आकडे एनआयएसटीकडे हजारांत आहेत आणि ‘आर’मध्ये दशलक्षांत, हजाराने गुणलं की जुळतं. याची प्रिंट फाइलला लावली, शेजारी आमच्याच बोअरचं हाताने सोडवलेलं गणित लावलं. ऑडिटरने दोन्ही पानं वाचली, सही केली.

अनपेक्षित आनंद मिळाला तो लिपीचा. आमच्या शॉपमध्ये चंदगड-खानापूरकडचे मराठी आणि बैलहोंगलकडचे कन्नड ऑपरेटर आहेत, एक्सेलमध्ये नावं आणि शेरे आपापल्या लिपीत लिहितात. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांचे प्रश्नचिन्हांचे ढीग व्हायचे. ‘आर’ 2022 च्या 4.2 आवृत्तीपासून विंडोजवरही यूटीएफ-8 (सगळ्या लिप्या सामावणारी अक्षरांची संकेतपद्धत) चालवतं, त्यामुळे दोन्ही लिप्या तक्त्यात जशाच्या तशा येतात. आलेखाची नेहमीची पीडीएफ काढली तर मात्र अक्षरांच्या जागी ठिपके येतात, म्हणून आलेखावर इंग्रजीच ठेवलंय.

ज्यांच्याकडे शिकायला एकही माणूस मोकळा नाही त्यांनी रिन्युअल भरावं, हे मी मनापासून सांगतो. फुकट म्हणजे फक्त लायसन्स फुकट. माझ्या दोन महिन्यांच्या संध्याकाळी यात गेल्यात. शिवाय चालू आवृत्तीची आणि पॅकेजांची प्रत पेनड्राइव्हवर ठेवा, ऑडिटच्या आठवड्यात अपडेट करू नका.

ऑक्टोबरात रिन्युअलची आठवण करून देणारा फोन आलाच, आणि या वेळी माणूस फार गोड बोलत होता. मालकांनी त्या पैशांत 40 ची नवीन सेटिंग रिंग (बोअर मोजायचं गेज जुळवायची रिंग) घेतली.

आमची सगळी स्क्रिप्ट सत्तर ओळींची आहे. ती मी एकट्याने चालवायची नाही असं ठरवलंय. दुसऱ्या पाळीचे सुपरवायझर आता स्वतः चार्ट काढतात. प्रत्येक ओळीपुढे टीप लिहिलीय, माझ्या टिपा मराठीत, त्यांच्या कन्नडमध्ये, आणि एकमेकांच्या टिपा वाचायला आम्ही दोघं शिकतोय.