आमच्या हिचं नाक आणि तीन टेस्टिंग रूम

आमची ही माळकरी. त्यामुळे लेकीने फोनवर "नाना, या वेळी आपण वाइनरी बघायला जाऊ" म्हटलं, तेव्हा मला वाटलं की विषय घरातच मिटेल. पण ही शांतपणे म्हणाली, "पिणार नाही. वास घ्यायला काय हरकत आहे?" लेक पुण्याला आयटीत आहे. जावई चहाशिवाय काही घेत नाहीत, म्हणून गाडी त्यांच्याकडे. म्हणजे पिणारे दोघंच, मी आणि लेक. लेकीसमोर ग्लास धरायचा म्हणून मला आदल्या रात्री नीट झोप लागली नाही, ही गोष्ट वेगळी.

मी निफाड तालुक्यातला द्राक्षवाला. कादवेच्या काठी सात एकर बाग, थॉमसन आणि थोडी शरद सीडलेस, दोन्ही खायच्या जाती. पस्तीस वर्षं द्राक्षं पिकवतोय, पण वाइनच्या ग्लासाला ओठ लावला नव्हता. तेव्हा हे परीक्षण वाइनच्या जाणकाराचं नाही, मालाच्या जाणकाराचं आहे असं समजून वाचा.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी निघालो. शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांची रांग लागते म्हणून मधला वार धरला. नाशिक शहरातून गंगापूर रोडने अर्ध्या तासात तुम्ही सुला वाइनरीच्या फाटकात असता. मला आधी बाग बघायची होती. लेक म्हणाली, "नाना, आपण प्यायला आलोय." मी म्हटलं, माल बघितल्याशिवाय सौदा होत नाही.

तर बागेचं सांगतो, कारण पिणाऱ्यांपैकी फार कमी लोक तिकडे बघतात. आमच्या खायच्या द्राक्षाला आम्ही जीएच्या, म्हणजे मणी फुगवणाऱ्या औषधाच्या, द्रावणात बुडवतो, घडातले मणी विरळतो, मणी १८ मिलिमीटरचा झाला की एक्स्पोर्टवाला खूश. साखर १७-१८ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) आली की तोडणी. वाइनचं द्राक्ष बरोबर उलटं. मणी बोराच्या बीएवढा, साल जाड, आत बिया, घड गच्च आणि साखर २२-२३ च्या वर. लाल वाइनला रंग गरातून येत नाही, सालीतून येतो. मणी लहान तेवढी रसाच्या मानाने साल जास्त. म्हणून जीए नाही, मणी फुगवणं नाही. आमच्या शेजाऱ्याला हा घड दाखवला तर तो म्हणेल, "पाणी तोडलं होतं का रे बागेचं?"

आणखी एक. युरोपात थंडीत वेल झोपतो. आपल्याकडे तो झोपतच नाही. म्हणून एप्रिलात नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळासाठी गोडी छाटणी, आणि पीक एकदाच, जानेवारी ते मार्च. जायचं तर याच दिवसांत जा. पावसाळ्यात डोंगर हिरवेगार दिसतात, फोटो छान येतात, पण वेलीवर एक घड नसतो.

सुला हे नाव ती सुरू करणारे राजीव सामंत यांनी आईच्या सुलभा या नावावरून ठेवलं. अमेरिकेतली नोकरी सोडून आलेला माणूस, १९९७ च्या सुमाराला इथे वाइनची द्राक्षं लावली. तेव्हा आमच्याकडे लोक हसले होते. मीही हसलो होतो, लपवत नाही. २००५ मध्ये त्यांनी टेस्टिंग रूम, म्हणजे वाइन चाखायची जागा, काढली आणि नाशिकला देवदर्शनाशिवाय यायचं दुसरं कारण मिळालं. वरच्या सज्जातून खाली वेलींच्या रांगा आणि पलीकडे गंगापूर धरणाचं पाणी दिसतं. उन्हं कलायच्या वेळी जागा पकडा.

आधी आतून फिरवून आणतात. स्टीलच्या मोठ्या टाक्या, गार खोलीत लाकडी पिंपं. टाक्यांना थंड का ठेवायचं हे फिरवणाऱ्या पोराने नीट सांगितलं: किण्व साखर खातं, त्यातून अल्कोहोल होतं आणि उष्णताही होते, ती आवरली नाही तर द्राक्षाचा वासच उडून जातो. पांढऱ्याला रस लगेच सालीपासून वेगळा करायचा, लालला सालीसकट आंबवायचं. इथे हिने पहिला प्रश्न विचारला. "मग काळ्या द्राक्षाची पांढरी होईल का?" पोरगा म्हणाला, होते, मावशी. ही माझ्याकडे बघून हसली. पस्तीस वर्षांत मला हा प्रश्न सुचला नव्हता.

मग बाहेर येऊन ग्लास. बघा, फिरवा, हुंगा, मग घोट घ्या. पहिली शेनँ ब्लाँ, हलकी, थोडी गोडसर, नवशिक्याला सोपी. दुसरी सोव्हिन्यों ब्लाँ. पोरगा आता कशाकशाचे वास येतात ते सांगणार, तेवढ्यात हिने लेकीचा ग्लास हातात घेतला, पदर सावरला, नाक लावलं आणि म्हणाली, "पेरू. पिकलेला नाही, पाडाचा. आणि मागून ढोबळी मिरची." पोरगा थांबला. त्याच्या हातातल्या कागदावर हेच दोन शब्द इंग्रजीत होते. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला आणि पुढची प्रत्येक बाटली आधी हिच्यापुढे धरली.

नंतर दिंडोरी रिझर्व शिराझ. बाटलीवर आपल्या शेजारच्या तालुक्याचं नाव मोठ्या अक्षरात. दिंडोरीला माझी मावसबहीण दिलेली, तिथली माती मी तुडवलेली आहे. ते नाव मुंबई-दिल्लीच्या हॉटेलांत लोक मेनूवर बोट ठेवून मागवतात याचं मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. लाकडी पिंपात ठेवलेली असल्याने घशाशी थोडी तुरट लागते, जांभूळ खाल्ल्यावर जीभ धरते तशी. शेवटी उशिरा तोडलेल्या शेनँची गोड वाइन. घड वेलीवर जास्त दिवस ठेवायचा, पाणी उडतं, साखर साठते. म्हणजे बेदाण्याच्या वाटेवर निघालेलं द्राक्ष मध्येच थांबवायचं. मला आवडली. लेकीच्या मते ती आवडणं हे अडाण्याचं लक्षण. असेल.

सीझनला तिथे द्राक्षं पायाने तुडवायचा कार्यक्रमही असतो. पैसे देऊन लोक टबात नाचतात. आमच्या घरी लहानपणी एक मणी पायाखाली आला तरी आजोबा कान पिळायचे. मी लांबून बघितलं.

दुसऱ्या ठिकाणाचं नाव घेत नाही, कुठल्या रस्त्याला आहे तेही सांगत नाही. दुपारी दोनची वेळ, उन्हाची तिरीप काउंटरवर, आणि लाल वाइनच्या उघड्या बाटल्या त्या उन्हात. लाल वाइन म्हणे खोलीच्या तापमानाला द्यायची. अहो, ती खोली फ्रान्सची, आपल्या फेब्रुवारीतल्या दुपारची नाही. घोट घेतला तर काढ्यासारखा. गाणी इतकी मोठ्याने की ओतणाऱ्या मुलाला मी "ही द्राक्षं कुठल्या गावची?" हे तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ऐकू आलं तर म्हणाला, "नाशिकचीच आहेत सर." नाशिक जिल्हा केवढा, त्यात तालुके किती! मी पुढे काही विचारलं नाही.

ग्लास हिच्याकडे गेला. हिने हुंगला आणि लगेच खाली ठेवला. "भांड्याची पावडर." मी म्हटलं, काहीतरीच. जावईबापूंनी हुंगून बघितलं आणि मान हलवली. ग्लास नीट विसळलाच नव्हता. वर माणशी ६०० प्रमाणे चौघांचं बिल. एक माळकरी, एक ड्रायव्हर, दोघांनी थेंब घेतला नाही, तरी चार. जावई सौम्य माणूस, ते म्हणाले जाऊ द्या नाना. मी नाही जाऊ दिलं. वीस मिनिटांनी दोघांचे पैसे कमी झाले. द्राक्षाच्या व्यापाऱ्यांशी उभी हयात घासाघीस केलेला माणूस आहे मी.

गाडीत लेकीने विचारलं, "नाना, तुम्ही सगळीकडे गाव काय विचारता?"

सांगितलं मग. ती तेव्हा आठवीत होती, तिला फक्त जेसीबी आठवत होता. २००६ साली मी दोन एकर शिराझ, लाल वाइनचं द्राक्ष, लावला होता. सरकारचं २००१ चं वाइन धोरण, करात सवलती, विंचूरला वाइन पार्क, गावागावात सभा. एका कंपनीशी करार झाला, तिचंही नाव नको. डॉगरिज जातीच्या खुंटावर कलमं, तारा, ठिबक, सगळं कर्ज काढून. दोन सीझन माल गेला, पैसेही आले. मग मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली आणि कंपन्यांच्या टाक्यांत जुनीच वाइन पडून राहिली. तिसऱ्या सीझनला साखर २३ ला आली तरी त्यांची गाडी आली नाही. फोन लागेना. खायचं द्राक्ष असतं तर पिंपळगावच्या मार्केटला नेऊन मातीमोल भावाने का होईना फुंकलं असतं. हे कोण घेणार? मणी बारीक, साल जाड. बेदाणा करायचा तर आत बिया. पाखरांनी खाल्लं तेवढं खाल्लं. २०१० च्या उन्हाळ्यात बाग उपटली. तेव्हा आमच्या भागात मी एकटाच नव्हतो.

माझ्या शिराझची वाइन कशी झाली ते मला कधी कळलं नाही. टाकीत कुणाचा माल कुठे मिसळला कुणाला ठाऊक.

गाडीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग ही म्हणाली, "तिसरीकडे जायचंय ना अजून?"

तिसरं यॉर्क. मी इंग्लंडातल्या गावाचं नाव समजत होतो, पण मूळ मालकांच्या तीन मुलांच्या नावांची आद्याक्षरं आहेत ती. २०२१ मध्ये सुलानेच ही वाइनरी विकत घेतली, तरी जागेची चाल वेगळी आहे. लहान आहे, शांत आहे, आणि धरणाचं पाणी इथे अगदी समोर. एकाच ठिकाणी जाणार असाल, बरोबर वयस्कर माणसं असतील आणि गर्दी नको असेल, तर इथे या. संध्याकाळी पाचनंतर वारा सुटतो, शाल ठेवा.

ओतणारा मुलगा चोवीस-पंचवीसचा असेल. मी सवयीने गाव विचारलं. त्याने बाटली खाली ठेवली आणि उलट विचारलं, "काका, तुमची बाग आहे का?" पुढचा अर्धा तास वाइन बाजूलाच राहिली. त्याचे वडीलही द्राक्षवाले. या वर्षी डावणी, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग, कुठे कुठे आली, डिसेंबरच्या पावसाने किती मणी तडकले, मजूर टोळीचा भाव काय, सगळं झालं. मग त्याने सांगितलं की तोडणीच्या आधी वाइन करणारे लोक बागेत फिरून बी चावून बघतात. हिरवी, कडू असेल तर थांबायचं. तपकिरी होऊन दाण्यासारखी कुडकुडली की माल तयार. मी नुसत्या साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरच्या भरवशावर होतो. बी चावून बघायचं मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याने आरोस काढली, शिराझ आणि कॅबर्ने या दोन लाल वाइनच्या द्राक्षांचं मिश्रण. ग्लास आधी हिच्याकडे. हिने या वेळी वेळ घेतला. डोळे मिटले. "काळी मिरी," म्हणाली. मग परत नाक लावलं. "आणि काय गं ते... आपल्या जुन्या शेडमध्ये क्रेट रचलेले असायचे ना, सकाळी दार उघडलं की यायचा तो."

मी घोट घेतला. मला मिरी कळली, शेडचं कळलं नाही. माझं नाक औषधं फवारून गेलंय. दुसरा घोट घेतला, तिसराही. लेकीने काही न बोलता तिचा अर्धा ग्लास माझ्या ग्लासात ओतला.

खायला काय मिळतं ते थोडक्यात: तिन्हीकडे चीज, पिझ्झा, फ्राईज असंच. आपलं म्हणावं असं काही नाही. शिराझबरोबर आमच्याकडची काळ्या मसाल्याची शेवभाजी ठेवून बघा एकदा, एवढंच सुचवतो. लिंबू सरबत मात्र यॉर्कला चांगलं होतं, जावईबापूंनी तीन घेतले. चालवणारा न पिणारा हवाच, परतीच्या वाटेवर वळणं आहेत आणि रात्री ट्रॅक्टर बिनदिव्याचे.

निघताना आरोसची एक बाटली घेतली. त्या मुलाने सांगितलं, उभी ठेवू नका, आडवी ठेवा, म्हणजे बूच सुकत नाही. घरी फ्रिजमध्ये आडवी जागा नाही, दूध आणि कैऱ्या. शेवटी भाजीच्या कप्प्यात कोथिंबिरीखाली ठेवली. पाहुणे आले आणि कुणी फ्रिज उघडायला उठलं, की ही आधी जाऊन उभी राहते.