आयएनआर मशीन घेताय? आधी पट्ट्यांची तारीख बघा, आम्हाला कसं गंडवलं ते सांगतो

घरात कुणाचं हृदयाच्या व्हॉल्व्हचं ऑपरेशन झालंय आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, घरीच बघायचं मशीन घ्यायचं चाललंय, असं असेल तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. "फॉरेन पीस आहे, अर्ध्या किमतीत देतो" म्हणणारा कुणी भेटला असेल तर नक्कीच वाचा.

आमच्या वहिनींना लहानपणी रुमॅटिक फीव्हर झालेला, म्हणजे घसा धरतो, ताप येतो, मग सांधे सुजतात ना तोच, त्यात मायट्रल व्हॉल्व्ह खराब होत गेला आणि शेवटी मेटलचा बसवला. मेटलचा म्हटलं की रक्त पातळ करायची गोळी जन्मभराची, त्यांना अ‍ॅसिट्रोम चालू आहे. हल्ली टेस्ट न लागणाऱ्या नवीन गोळ्या निघाल्यात पण त्या मेटल व्हॉल्व्हवाल्यांना देत नाहीत, त्यामुळे आयएनआर काही सुटत नाही. डॉक्टरांनी 2.5 ते 3.5 मध्ये ठेवायला सांगितलंय. कमी झाला तर व्हॉल्व्हवर गुठळी धरायची भीती, जास्त झाला तर ब्लीडिंग. आणि हा आकडा मेथी-पालक जास्त खाल्ल्याने खाली येतो, साध्या अँटिबायोटिकने वर जातो, म्हणजे सारखं लक्ष ठेवावंच लागतं.

आम्ही राहतो पाटणच्या पुढे, कोयनेच्या अंगाला. टेस्टसाठी कराड. एसटीने जायचं, शिरेतनं रक्त द्यायचं, रिपोर्ट संध्याकाळी, वहिनींचा अख्खा दिवस जातो आणि दादाचा खाडा होतो तो वेगळाच. म्हणून मशीन बघायला लागलो. शुगरच्या मशीनसारखंच असतं, बोट टोचायचं, थेंब पट्टीवर, मिनिटाभरात आकडा.

नवीन मशीनची आणि पट्ट्यांची किंमत ऐकून दादा गप्पच बसला. तेवढ्यात ओळखीतल्या एकाने एका सर्जिकलवाल्याचा नंबर दिला. माणूस बोलायला एकदम गोड, "दादा पेशंटचं काम आहे, मी यात कमवत नाही", सीलबंद मशीन, दोन डब्या पट्ट्या फ्री, पैसे मात्र आधी आणि बिल पाहिजे असेल तर जीएसटी वेगळा पडेल म्हणाला. पार्सल आलं, त्याने व्हिडिओ कॉलवर सगळं शिकवलं, आणि जाता जाता एक वाक्य टाकलं, "सेटिंगला हात लावू नका, मी सगळं सेट करून पाठवलंय."

सुरुवातीला काही पट्ट्यांना नुसती एरर यायची, काहींना आकडा यायचा. विचारलं तर म्हणायचा थेंब कमी पडतोय, बोट कोमट पाण्यात धरा. बरं, थेंब कमी पडला की एरर येते हे खरंच आहे, त्यामुळे आम्हाला पटलं पण.

ही चोरी पकडली वहिनींनी. त्यांची एक वही आहे, तारीख, गोळी किती, आयएनआर किती, असं सगळं लिहून ठेवतात. मशीनच्या मेमरीतले आकडे वहीत उतरवायला बसल्या तर मशीनमधली तारीख दीड वर्ष मागची. त्यांना वाटलं चुकून राहिली असेल, कालनिर्णय बघून बरोबर करून टाकली. नंतर पट्टी घातली तर मशीन घेईचना, एक्सपायरीची खूण दाखवायला लागलं. झालं असं की पट्ट्यांच्या प्रत्येक डबीसोबत एक छोटी कोड चिप येते, ती मशीनला लावायची असते आणि त्या लॉटची म्हणजे बॅचची एक्सपायरी त्या चिपमध्येच असते, मशीन ती आपल्या घड्याळाशी ताडून बघतं. या पठ्ठ्याने मशीनचं घड्याळच मागे फिरवून ठेवलेलं!

मग डबी हातात घेऊन बघितली. एक्सपायरीच्या जागी पांढरं स्टिकर. वहिनींनी स्पिरिटच्या बोळ्याने कड भिजवून नखाने सोललं तर खाली खरी तारीख, कधीच उलटून गेलेली. मेमरीत अजून मागे गेलो तर आम्ही घ्यायच्या आधीचे पण आकडे सापडले. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे सीलबंद मशीन आपल्या आधी दुसऱ्याच कुणाचं तरी रक्त पिऊन आलंय."

दुसऱ्याच दिवशी कराडला लॅब केली. आदल्या आठवड्यात मशीनने 3.4 दाखवलेला, गोळी तीच, जेवण तेच, आणि लॅबमध्ये 1.9. लॅब आणि मशीनमध्ये अर्ध्या पॉइंटपर्यंत फरक चालतो असं डॉक्टर सांगतात, इथे दीडचा, दिवस वेगळे धरले तरी एवढा नाही पडत. डॉक्टर म्हणाले पट्टीतलं औषध मेलेलं असलं की रक्त गोठायला उशीर लागतो आणि आकडा उगाच जास्त येतो. म्हणजे आपण खूश की रेंजमध्ये आहे, आणि खरं रक्त घट्टच. त्या 3.4 वर विसंबून गोळी कमी केली नाही हे नशीब.

त्याला फोन केला तर म्हणे, "तारीख कशाला बदलली? परत मागे घ्या, चालू होईल." शरम नावाची गोष्ट नाही.

मशीन खराब असतं असं माझं म्हणणं नाही. चांगल्या मशीनवर लोक वर्षानुवर्षं बघतात. पण मशीन एकदा घ्यायचं, पट्ट्या कायमच्या, आणि खेळ सगळा तिथेच होतो. त्यातल्या चांगल्या कंपन्यांनाही लॉट मागे घ्यावे लागलेत, 2018 ला अमेरिकेत रोश कंपनीच्या कोअ‍ॅगुचेक मशीनच्या पट्ट्या परत मागवल्या होत्या कारण वरचे आकडे चुकत होते, आणि त्याआधी 2016 मध्ये अ‍ॅलिअर कंपनीने आयएनरेशिओ मशीनच बाजारातून काढून घेतलं, ते लॅबपेक्षा कमी आकडा दाखवायचं. बिल आणि लॉट नंबर असेल तर अशा वेळी निदान कळतं तरी आपली डबी त्यात आहे का, आमच्याकडे बिलच नाही. इम्पोर्टेड मालावर इथल्या इम्पोर्टरचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर आणि एमआरपी छापलेली असावी लागते, आमच्या डबीवर यातलं काहीच नव्हतं. घेतल्यावर पहिल्याच दिवशी लॅब आणि मशीन एकाच वेळी करून ताडून बघा, आणि पट्ट्या तुमच्या गावापर्यंत कोण पोचवणार, किती दिवसांत, हे मशीनच्या आधी विचारा.

ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार टाकलीय, सायबर फसवणुकीच्या 1930 नंबरवर पण. पैसे अजून आले नाहीत. वहिनी परत एसटीने कराडला जातात. आणि मागच्या आठवड्यात सांगलीच्या एका मित्राला नवीन नंबरवरून मेसेज आला, फॉरेन पीस, सीलबंद, दोन डब्या फ्री. त्याने मला फोटो पाठवला. डबीवर तसंच पांढरं स्टिकर, आणि ते पण तिरकं लावलेलं.