बोटीने अंटार्क्टिका मॅरेथॉन: बूट, बोट आणि चिखल, पावसाळ्यात बसून लिहिलेला रिव्ह्यू

मार्चमध्ये अंटार्क्टिकातल्या किंग जॉर्ज बेटावर मॅरेथॉन पळून आले त्याला आता बरेच महिने झाले. आल्या आल्या लिहिलं असतं तर नुसतं "वॉव वॉव" झालं असतं, म्हणून मुद्दाम थांबले. आता तेच बूट, तेच जॅकेट साताऱ्याच्या पावसात परत रगडून झालंय, कार्डाचं बिलही फिटलंय, त्यामुळे जरा ताळ्यावर येऊन लिहिते.

आधी एक गोंधळ मिटवते, कारण "अंटार्क्टिकाची मॅरेथॉन म्हणजे नेमकी कुठली" असं इनबॉक्समध्ये रोज येतंय. अंटार्क्टिकात पळायचे दोन वेगळे प्रकार आहेत. एक युनियन ग्लेशियरची, तिथे चिलीतल्या पुंता अरेनासहून विमानाने नेतात, ती जवळपास 80 अंश दक्षिणेला, खरोखर बर्फावरची. दुसरी ही बोटीची, 1995 पासून चालू असलेली, अर्जेंटिनातल्या उशुआयाहून निघायचं आणि साउथ शेटलंड बेटांमधल्या किंग जॉर्ज बेटावर उतरायचं, म्हणजे 62 अंश दक्षिण. आणि हो, "आपलं मैत्री दिसलं का गं" असं निम्म्या नातेवाईकांनी विचारलं. नाही दिसलं. मैत्री, म्हणजे भारताचं तिथलं संशोधन स्टेशन, खंडाच्या पार दुसऱ्या अंगाला, हजारो किलोमीटरवर आहे, आपल्या मोहिमांचं सगळं गोव्यातून, वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून चालतं, त्याचा या टूरशी काडीचा संबंध नाही.

आता मुद्द्याचं. ही मॅरेथॉनची ट्रिप नाहीये, ही बोटीची ट्रिप आहे आणि मधे एक दिवस पळायचं असतं. हे एकदा डोक्यात बसलं की पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे ते आपोआप कळतं.

उशुआयाहून निघाल्यावर आधी बीगल चॅनल लागतं, तिथे पाणी इतकं शांत की सगळे डेकवर चहाचे मग घेऊन फोटो काढत होते. रात्री बोट ड्रेक पॅसेजमध्ये, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकाच्या मधल्या समुद्रात शिरली आणि डायनिंग हॉल निम्मा रिकामा. या अक्षांशावर पृथ्वीभोवती वारा अडवायला जमीनच नाही, त्यामुळे लाटा मोकाट, आणि हा पट्टा जिथे सगळ्यात अरुंद आहे तिथेसुद्धा साधारण 800 किलोमीटर आहे, पार करायला दोन दिवस जातात. खलाशी लोक शांत असला तर ड्रेक लेक म्हणतात, नसला तर ड्रेक शेक. आम्हाला जाताना शेक, येताना लेक. मी इथूनच डॉक्टरांना विचारून ॲवोमिन, उलटीची गोळी, नेलेलं, त्याने उलटी थांबली पण झोप इतकी की दोन दिवस कुठे गेले कळलं नाही. केबिनमेटने कानामागे बोट लागण्यावरचा पॅच लावलेला, तिला झोप नाही आली पण तोंडाला कोरड आणि वाचायला गेलं की अक्षरं धूसर. कुठलंही घ्या, पण घरी एकदा घेऊन बघा, शर्यतीच्या आदल्या आठवड्यात नवीन गोळीचा प्रयोग नको. आलेपाकाच्या वड्या मात्र हिट होत्या, जर्मन आजोबा रोज मागून न्यायचे. बोटीवर ट्रेडमिल आहे हे ब्रोशरमध्ये ठळक लिहितात, डुलणाऱ्या बोटीत त्यावर पळून बघा मग बोलू. केबिन घेताना खालच्या मजल्यावरची आणि बोटीच्या मध्याजवळची घ्या, वरची बाल्कनीवाली महागही असते आणि हलतेही जास्त.

उतरण्याआधीचा जो कार्यक्रम असतो तो मला सगळ्यात आवडला, खरंच. बाहेरचं बी, माती काही बेटावर जाऊ नये म्हणून बूट, बॅग, जॅकेटच्या वेल्क्रोपर्यंत सगळं व्हॅक्यूम करतात आणि तपासतात. माझे ट्रेल शूज अख्खा पावसाळा आणि नंतरची थंडी यवतेश्वर-कास रोडच्या बाजूच्या पायवाटांवर पळलेले. घरी दोनदा धुतलेले हो, टूथब्रशने. तरी त्या स्टाफमधल्या मुलीने बुटाच्या जिभेच्या आतल्या शिवणीतून चिमट्याने कुसळं काढली, एक, मग अजून एक, मग लेसच्या भोकातून तिसरं, आणि ते कागदावर ठेवून मला दाखवलं, ओळखीचं आहे का म्हणून. आपल्या माळावरचं कुसळ तिथे! आणि ही उगाच नाटकं नाहीत, याच बेटावर पोलंडच्या आर्क्टोव्स्की संशोधन स्टेशनपाशी पोआ ॲन्युआ नावाचं बाहेरून आलेलं गवत रुजलंय, ते काढायला त्यांना केवढे कष्ट पडलेत. तर मोजे नवे कोरे न्या, जुने नेऊच नका.

एका वेळी एका ठिकाणी 100 पेक्षा जास्त प्रवासी उतरवत नाहीत, टूरवाल्यांच्या संघटनेचाच नियम आहे. म्हणून जागा कमी आणि वेटिंग लिस्ट लांब. आणि उतरायला मिळेलच याची गॅरंटी कोणी देत नाही, 2001 साली हवामानामुळे उतरताच आलं नाही तेव्हा लोकांनी बोटीच्या डेकवर 400 हून जास्त चकरा मारून 42 किलोमीटर पूर्ण केले. "डेकवर पळावं लागलं तरी चालेल" असं मनापासून वाटत असेल तरच बुक करा.

कोर्स. लोकांना वाटतं बर्फ. बर्फ बाजूला होता, पायाखाली चिखल. चिलीचं फ्रेई, रशियाचं बेलिंग्सहाउझन, चीनचं ग्रेट वॉल, उरुग्वेचं आर्तिगास या स्टेशनांना जोडणारा खडीचा, ट्रकच्या चाकोऱ्या पडलेला रस्ता, त्यावरच परत परत फेऱ्या, आणि सपाट असं जवळपास काहीच नाही. पहिल्या फेरीत चिखल वरून गोठलेला, पाय टाकला की कुरकुर आवाज. तिसऱ्या फेरीपर्यंत शंभर जणांनी तो तुडवून पार लापशी केलेली, घोट्यापर्यंत गार पाणी आणि मधे मधे लपलेले दगड. टेकाडावर 2004 सालचं रशियन लाकडी चर्च दिसतं, दर फेरीला ते दिसलं की मी पाणी प्यायचे, तोच माझा एड स्टेशन, म्हणजे पाण्याचा थांबा. तापमान शून्याच्या आसपास, म्हणजे ऐकायला काहीच नाही, पण वारा समोरून आला की चेहरा बधिर. पेंग्विन आडवा आला तर आपण थांबायचं, 5 मीटर अंतर ठेवायचं, तुमचा पीबी, म्हणजे स्वतःचा सर्वोत्तम वेळ, गेला खड्ड्यात. स्कुआ पक्षी डोक्यावरून घिरट्या घालतात, टोपी घट्ट बसवा.

यासाठी ट्रेनिंग काय, तर थंडी शोधत मनालीला जायची गरज नाही. जुलै-ऑगस्टमध्ये घाटातल्या चिखलात, वाऱ्यात, ओल्या मोज्यांनी चार-चार तास पळा, बस. सातारकरांना हे फुकट मिळतं, पुणेकरांनी सिंहगडाच्या मागच्या वाटांनी जावं.

सामानाचं. ट्रेल शूज खोल ग्रिपवालेच हवेत पण वॉटरप्रूफ नको, पाणी वरून आत जातं आणि मग बाहेर पडत नाही. माझे साधे जाळीचे होते, अजून चालू आहेत, फक्त टाचेच्या कडेला सोल सुटायला लागलाय. मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बर्फासाठी बुटाखाली चढवायचे काटे, नेले ते पिशवीतून निघाले नाहीत. पातळ विंडप्रूफ जॅकेट हा सगळ्यात वसूल झालेला खर्च, तेच घालून आता कासला पळते, काखेतली चेन उघडून. जाड डाउन जॅकेट पळायला निरुपयोगी, घाम येतो आणि थांबलात की तो घाम गार पडतो, मग दात वाजतात. ग्लोव्हजपेक्षा मिटन्स, म्हणजे चारही बोटं एकाच कप्प्यात जाणारे हातमोजे, बरे, आत पातळ लायनर. गॉगल आणि सनस्क्रीन विसरू नका, मी आले ती नाकाचं साल निघूनच.

खाणं. बेटावर एकही रॅपर न्यायचं नाही, पेपर कप नाहीत, आपापल्या बाटल्या भरून नाव घालून द्यायच्या. एनर्जी जेल आधीच सॉफ्ट फ्लास्कमध्ये पिळून घेतलेले, गारठ्यात ते इतके घट्ट झाले की चावून खाल्ल्यासारखे. उघड्यावर लघवीलाही जायचं नाही, सोय केलेली असते तिथेच, रांग लागते, त्याचा वेळ धरून चला. बोटीवर शाकाहारी जेवण मिळतं पण सूप, पास्ता, उकडलेल्या भाज्या, तिसऱ्या दिवशी मी शेंगदाण्याची चटणी काढली आणि टेबलावरच्या सगळ्यांना पुरवावी लागली.

पैसे: विमान, बोट, इन्शुरन्स, सामान धरून माझे बारा-पंधरा लाखांच्या मधे गेले, टीसीएस, म्हणजे परदेशी टूरवर आधीच कापून घेतात तो कर, वेगळा, तो रिटर्न भरताना वळता होतो. इन्शुरन्समध्ये अंटार्क्टिकातून इमर्जन्सी इव्हॅक्युएशन कव्हर आहे का हे पॉलिसीच्या कागदावर स्वतः वाचा. माझ्या एजंटने "आहे मॅडम, सगळं आहे" म्हणून जी पॉलिसी दिली तिच्यात ध्रुवीय प्रदेश सरळ वगळलेला होता, निघायच्या आधी दुसरी काढावी लागली आणि पहिलीचे पैसे अजून अडकलेत. अमेरिकेचा व्हिसा आधीपासून असेल तर अर्जेंटिनाचं काम सोपं होतं. आणि उशुआयाला दोन दिवस आधी पोचा, बॅग मागे राहिली तर बोट तुमच्यासाठी थांबत नाही, बूट तरी हँडबॅगेतच ठेवा.

मिटन्स मोठ्या मापाचे आहेत, पुढच्या मार्चला कोणी जाणार असेल तर घेऊन जा, धुऊन परत करा. कुसळं काढून.