लातूरहून मुंबई : तीन दिवसांच्या सहलीचे नेटके नियोजन

२६ जानेवारी २०२६ हा सोमवार असल्याने सलग तीन दिवस सुटी मिळाली आणि आईवडिलांना मुंबई दाखवण्याचे नियोजन आम्ही लातुरातील गंजगोलाईजवळच्या एका छोट्या प्रवास कार्यालयाकडे सोपवले. रेल्वेचे आरक्षण आता १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते, त्यामुळे त्यांनी नोव्हेंबरअखेरीसच रात्रीच्या गाडीची तिकिटे काढली. दोघांनाही खालचे बर्थ मिळाले, याचे मोल गुडघे दुखणाऱ्यांनाच कळेल. त्याहून मोलाची गोष्ट अशी, की घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात हे लक्षात ठेवून त्यांनी तो दिवस वस्तुसंग्रहालयासाठी राखला आणि लेण्यांची फेरी रविवारी सकाळी ठेवली. गेटवेपासून लाँचने सुमारे तासभर लागतो व पुढे पायऱ्यांची चढण आहे, याची कल्पनाही आधीच दिली होती. वेरूळ अनेकदा पाहिलेले वडील त्रिमूर्तीसमोर बराच वेळ निःशब्द उभे होते.

दादरची खोली मात्र चौथ्या मजल्यावर, तीही लिफ्टविना निघाली. ज्येष्ठांसोबत जाणाऱ्यांनी ही चौकशी स्वतः करावी. तरीही दिवाळीच्या सुटीतील पुण्याचे नियोजन आम्ही त्यांच्याकडेच देणार आहोत.