ओचाची एफटीएस सेवा: आकडे कामाचे, पण कॉलम समजून घेऊनच बेरीज करा

भूकंप, दुष्काळ किंवा युद्ध सुरू झालं की देशोदेशीची सरकारं मदत जाहीर करतात. त्यातलं खरोखर किती, कुणाकडे आणि कोणत्या आवाहनासाठी गेलं, हे तपासायला सर्वांत उपयोगी सार्वजनिक जागा म्हणजे फायनान्शियल ट्रॅकिंग सर्व्हिस, म्हणजेच एफटीएस. १९९२ साली सुरू झालेली ही सेवा आज संयुक्त राष्ट्रांचं मानवतावादी समन्वय कार्यालय, ओचा, चालवतं. पैसे नाहीत, लॉगिन नाही. देश, वर्ष, डोनर, संस्था, क्लस्टर (म्हणजे आरोग्य, पाणी असं मदतीचं क्षेत्र) असे फिल्टर लावून डेटा थेट एक्सेलमध्ये उतरवता येतो. निधी उभारणारे, पत्रकार आणि अभ्यासक या सगळ्यांनी ती वापरावी, असंच आमचं मत आहे. मात्र घाईत वापरली तर ती हमखास चुकीचं उत्तर देते.

सर्वांत आधी स्टेटस बघा. प्लेज म्हणजे नुसतं जाहीर केलेलं आश्वासन, त्याला कायदेशीर बंधन नाही. कमिटमेंट म्हणजे करार झाला. पेड म्हणजे पैसे किंवा वस्तू प्रत्यक्ष दिल्या गेल्या. एफटीएस एकूण निधीत शेवटचे दोनच धरते आणि प्लेज वेगळे दाखवते. हा नियम अगदी योग्य आहे. डोनर परिषदेनंतर छापून येणारा आकडा आणि इथला आकडा जुळत नाही, त्याचं एक मोठं कारण हेच.

प्लॅनच्या, म्हणजे एखाद्या संकटासाठीच्या मदत-आराखड्याच्या, पानावरची मोठी टक्केवारी म्हणजे मिळालेला निधी भागिले मागितलेली रक्कम. वर्षाच्या मध्यात संकट वाढलं की मागणी सुधारली जाते. समजा ५० कोटी डॉलरच्या आवाहनाला २० कोटी आले होते, म्हणजे ४० टक्के. मागणी ८० कोटींवर गेली की तोच निधी २५ टक्के दिसतो. पैसा कुठेही परत गेलेला नसतो. म्हणून टक्केवारी लिहिताना मूळ रक्कम आणि डेटा उतरवल्याची तारीख दोन्ही लिहाच. नोंदी सतत बदलत असतात, मागच्या वर्षांच्याही.

खरी गफलत होते ती एक्सेलमध्ये. समजा एका सरकारने एखाद्या देशासाठी संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेला १ कोटी डॉलर दिले, तिने त्यातले ४० लाख एका आंतरराष्ट्रीय संस्थेला दिले, आणि त्या संस्थेने १० लाख स्थानिक संस्थेला दिले. नोंदी तीन, सरळ बेरीज दीड कोटी, पण देशात आलेला पैसा एकच कोटी. यासाठी ‘बाउंड्री’ नावाचा कॉलम आहे. देशाचा फिल्टर लावल्यावर पहिली ओळ ‘इनकमिंग’ दाखवते, पुढच्या दोन ‘इंटर्नल’. देशाला किती मिळालं हे काढायचं असेल तर फक्त इनकमिंग धरा. आणि हे लेबल कायमचं चिकटलेलं नाही, ते तुमच्या फिल्टरवर ठरतं. फिल्टर बदलून उतरवलेल्या दोन फायली एकमेकींना जोडल्या की बेरीज बिघडलीच म्हणून समजा.

शेजारचा ‘सिंगल’ आणि ‘शेअर्ड’ हा भेदही तितकाच महत्त्वाचा. एकच ग्रँट अनेक देशांसाठी किंवा क्लस्टरसाठी असेल आणि वाटणी कळवलेली नसेल, तर ती शेअर्ड राहते. ती संपूर्ण रक्कम एकट्या आरोग्याच्या किंवा पाण्याच्या खात्यात टाकू नका. वगळायची असेल तर वगळा, पण तळटीप द्या.

एक गोष्ट आम्हाला फार खटकते. सरकारने कोणतीही अट न घालता संस्थेच्या मुख्यालयाला पैसा दिला आणि संस्थेने तो पुढे एखाद्या देशात वापरला, तर त्या देशाच्या पानावर स्रोत म्हणून ती संस्थाच दिसते, मूळ सरकार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सर्फ या आपत्कालीन निधीचंही तसंच. दुबार मोजणी टाळायला हे आवश्यक आहे, हे मान्य. पण २०१६ च्या ग्रँड बार्गेनमध्ये, म्हणजे मोठे डोनर आणि मदतसंस्था यांच्यातल्या समझोत्यात, लवचीक (अटी नसलेल्या किंवा सैल अटींच्या) निधीचं प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत नेण्याचं लक्ष्य होतं, आणि तसा निधी देणारा डोनरच इथे देशपातळीवर दिसेनासा होतो. त्यामुळे या पानांवरून सरकारांची क्रमवारी लावणं अन्यायाचं आहे.

स्थानिक संस्थांचा वाटा मोजताना ही सेवा सर्वांत तोकडी पडते. ग्रँड बार्गेनने २०२० पर्यंत किमान २५ टक्के निधी शक्य तितक्या थेटपणे स्थानिक आणि राष्ट्रीय संस्थांपर्यंत नेण्याचं ठरवलं होतं. पण एफटीएसला माहिती देणं ऐच्छिक आहे. डोनर स्वतः थेट दिलेली रक्कम कळवतात, मध्यस्थ संस्था मात्र पुढे कुणाला किती दिलं हे अनेकदा कळवतच नाहीत. इथे स्थानिक संस्थेसमोर शून्य दिसलं म्हणून तिला काहीच मिळालं नाही, असं लिहू नका.

स्थानिक संस्थांना स्वतःही नोंद पाठवता येते. देणारा आणि घेणारा, मूळ चलनातली रक्कम, निर्णयाची तारीख, स्टेटस, प्लॅन, क्लस्टर आणि दोन ओळींचं वर्णन पुरतं. डॉलरमध्ये स्वतः रूपांतर करून पाठवू नका, मूळ चलनच द्या. दर वेगळा पडला की डोनरच्या नोंदीशी रक्कम जुळवणं अवघड होतं. पैसा मध्यस्थाकडून आला असेल तर मूळ ग्रँटचं नाव वर्णनात घाला, नाहीतर तीच रक्कम नवीन निधी समजली जाण्याचा धोका असतो. वस्तुरूपात मदत मिळाली असेल तर किंमत लावूनच कळवा, कारण नुसत्या ‘२०० तंबू’ या नोंदीतून डॉलरची बेरीज होत नाही.