कार्ब काढून इंजेक्शन: अकरा महिने आणि ६,४०० किलोमीटर चालवलेली पद्मिनी

आमची प्रीमियर पद्मिनी १९९२ ची. बाबांनी नवी घेतली तेव्हापासून नौपाड्यात आमच्या इमारतीखाली तिची जागा ठरलेली आहे. गेल्या नोव्हेंबरात तिचा सोलेक्स कार्ब, म्हणजे कार्ब्युरेटर, उतरवून मी इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन बसवून घेतलं. तेव्हापासून आठवड्यातले तीन दिवस ठाणे ते तुर्भे ऑफिस, एकदा महाबळेश्वर, आणि मधे अख्खा पावसाळा असं तिला चालवलं आहे. असा विचार करणारे बरेच जण भेटतात, म्हणून हे सविस्तर लिहिते.

आधी कारण सांगते, कारण मला ताकद किंवा ॲव्हरेज नको होतं. मला त्रास पेट्रोलचा होता. कार्बचं जेट म्हणजे ठरावीक मापाचं भोक. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साधारण १४.७ भाग लागतात. २० टक्के इथेनॉल मिसळलं की तेच प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. भोक मात्र तेवढंच राहतं, त्यामुळे मिश्रण पातळ होतं. पंपांवर ई-२० सुरू झाल्यापासून सिग्नलवरून निघताना गाडी ठसके देऊ लागली होती. मोठं जेट टाकून बघितलं, तर आयडलिंगला धूर. शिवाय मे महिन्यात कळव्याच्या पुलावर अडकलं, की इंजिनाच्या कॅमवर चालणाऱ्या पेट्रोल पंपात (याला एसी पंप म्हणतात) पेट्रोलची वाफ व्हायची आणि बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकावं लागायचं. टॅक्सीवाल्यांची ती जुनी युक्ती मी कितीदा केली आहे, मोजलेलं नाही.

बसवलं ते असं: कार्बच्याच जागी बसणारी थ्रॉटल बॉडी, म्हणजे हवेची झडप आणि तिच्यावर पेट्रोल फवारणारा एकच इंजेक्टर. युरोपातल्या छोट्या गाड्या ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कार्बमधून बाहेर पडल्या त्या अशाच सिंगल पॉइंट पद्धतीने. बॉशची मोनो-जेट्रॉनिक तीच. पेट्रोलचा दाब जेमतेम एक बार, मिश्रण सिलिंडरांकडे नेणारा मॅनिफोल्ड मूळचाच. मधली ॲडॉप्टर प्लेट वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्या काकांनी ॲल्युमिनियममधून काढून दिली. इलेक्ट्रिक पंप मागे टाकीजवळ, जादा पेट्रोल परत नेणारी रिटर्न लाइन, मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर, पाण्याच्या आणि हवेच्या तापमानाचे दोन सेन्सर, आणि सायलेन्सरच्या पुढच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर. जुन्या एसी पंपाच्या जागी भोक बुजवणारी ब्लँकिंग प्लेट. पॉइंटचा डेल्को (प्लगना स्पार्क वाटणारा डिस्ट्रिब्युटर) काढून मॅग्नेटिक पिकअपचा लावला, कारण ईसीयूला, म्हणजे इंजेक्शन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला, इंजिनाचे फेरे स्वच्छ मोजता आले पाहिजेत. सगळा खर्च १ लाख १८ हजार रुपये.

काम सुरू करण्याआधी मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ वाचून घ्या आणि आरटीओत लेखी विचारा. इंजिन, त्याचा नंबर आणि इंधन तेच असलं तरी विचारा. मूळ कार्ब मी तेल लावून, गुंडाळून ठेवला आहे.

आता रोजचा अनुभव. किल्ली फिरवली की मागे पंप दोन सेकंद गुणगुणतो. तेवढं थांबायचं आणि मग सेल्फ मारायचा. जानेवारीतल्या पहाटेही पहिल्याच फेऱ्यात चालू. चोकची तार आता नुसतीच लोंबते. पूर्वी ही गाडी फक्त बाबांच्या आणि माझ्या हाताला चालू व्हायची. अर्धा चोक, दोनदा ॲक्सिलरेटर, थांब, मग सेल्फ. हा क्रम चुकला की इंजिन ओव्हरफ्लो. ऐरोलीला राहणारा धाकटा भाऊ म्हणूनच तिच्या वाटेला जात नसे. आता तो न विचारता घेऊन जातो, आणि याचं मला खूप बरं वाटतं. बाबाही रविवारी उपवनला स्वतः घेऊन जातात. तीन हात नाक्यावर अर्धा तास उभं राहिलं तरी ओढणीला पेट्रोलचा वास येत नाही.

महाबळेश्वरला फरक सगळ्यात स्पष्ट दिसला. तिथे, साडेतेराशे मीटरवर, हवेचा दाब साधारण १५ टक्के कमी असतो. कार्बला ते कळत नाही, तो पेट्रोल त्या मानाने कमी करत नाही. म्हणून पूर्वी पाचगणी येईपर्यंत प्लग काळे व्हायचे आणि पिकअप मरायचा. या वेळी फेब्रुवारीत पसरणी घाट तिसऱ्या गिअरवर एकसारख्या आवाजात चढला. उतरताना पाय उचलला की ईसीयू इंजेक्टर पूर्ण बंद करतो, त्यामुळे सायलेन्सरमधली जुनी फटफटही गेली.

पण जुलैत तिने घोडबंदर रोडवर, गायमुखच्या अलीकडे, मला भर पावसात उभं केलं. हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं चालू, गाड्या मुंगीच्या पावलाने चाललेल्या. इंजिन आधी मिसिंग करू लागलं, मग बंदच पडलं. टोचन करून आणावी लागली. ज्याने ट्यूनिंग केलं होतं त्याने दोन दिवस मॅपमध्येच, म्हणजे कधी किती पेट्रोल सोडायचं याच्या ईसीयूतल्या तक्त्यातच, चूक शोधली. शेवटी आमचे जुने वायरमन काका मीटर घेऊन आले आणि म्हणाले, "ताई, याला पेट्रोल नाही, करंट कमी पडतोय." आयडलिंगला ईसीयूच्या टोकाशी जेमतेम ११.४ व्होल्ट येत होते. व्होल्टेज उतरलं की इंजेक्टर उशिरा उघडतो, आणि ईसीयूने त्याला दिलेली वेळ तीच असल्याने पेट्रोल कमी पडतं. ट्यूनरने ती भरपाई मॅपमध्ये टाकलीच नव्हती. त्यात ईसीयूची अर्थ रंग न खरवडता बॉडीला ठोकलेली, आणि इंजिन-चासीमधली तेहतीस वर्षांची पट्टी हिरवी पडलेली.

काकांनी नवी जाड पट्टी घातली, ईसीयूची अर्थ थेट इंजिन ब्लॉकला नेली, पंप आणि हेडलाइटला वेगळे रिले आणि फ्यूज दिले. आता सगळं चालू असताना १३.१ दिसतात. हे काम पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं. इंजेक्शन बसवायचं म्हणजे अर्ध्याहून जास्त काम गाडीच्या विजेचं आहे, हे मला कुणी आधी सांगितलं नाही, म्हणून मी सांगते आहे. ईसीयू कुठला घ्यायचा यावर महिनाभर डोकं लावण्यापेक्षा तो महिना वायरिंगला द्या. आमच्या गाडीला निदान अल्टरनेटर होता. डायनॅमोवरच्या जुन्या फियाटला आधी अल्टरनेटर लावा, कारण डायनॅमो आयडलिंगला जवळजवळ काहीच देत नाही. साध्या तांब्याच्या प्लग वायरीही बदला. त्यांच्या स्पार्कच्या गडबडीने आमचा ईसीयू पहिल्या आठवड्यात दोनदा रीसेट झाला होता.

पेट्रोलचे पाइप एसएई जे३० आर९ लिहिलेलेच घ्या. इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि भेगाळतं, आणि आता लाइनमध्ये सतत दाब असतो. इंजिन थांबताच पंप बंद करणारा रिले आणि धडक बसल्यास पंप तोडणारा इनर्शिया स्विच यांवर पैसे वाचवू नका.

ताकदीत फरक नाही. १०८९ सीसीचं इंजिन तेच, कॉम्प्रेशन तेच. ॲव्हरेज शहरात १०.८ वरून १२.६ वर आलं; त्या हिशेबाने खर्च वसूल व्हायला फार वर्षं लागतील. पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड २.६ टक्के यायचा, मर्यादा ३ ची, आता ०.४ येतो.

एक काम राहिलं आहे. टाकी पावच्या खाली गेली की येऊरच्या वळणांवर पेट्रोल एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि इंजिन खोकतं. पंपाआधी एक लिटरची सर्ज टँक, म्हणजे कायम भरलेली राहणारी छोटी टाकी, बसवायची आहे. त्याच वेळी टाकी उतरवून आतला गंज साफ करीन, कारण मार्चमध्ये फिल्टर तांबड्या भुकटीने भरला होता. ते होईपर्यंत पाव टाकी हाच माझा रिझर्व्ह.