पाहुण्यांच्या अंगणात पाखरं: ज्वारीची कणसं की परळभर पाणी?

वेरूळ-म्हैसमाळच्या वाटेवर होमस्टे काढताय आणि पाहुण्यांना पाखरांच्या गाण्यानं जाग यावी असं मनात आहे, तर आधी काय करावं? दाणे टाकावेत की पाणी ठेवावं?

ज्वारी घरचीच असते. वळचणीला चार कणसं टांगली की चिमण्या उलट्या लटकून दाणे टिपतात, पाहुण्यांची लेकरं तिथून हलत नाहीत. पण दाण्यावर येतात चिमण्या, मुनिया, होले आणि मागोमाग पारवे. पारवे एकदा सरावले की ओसरी रोज धुवावी लागते, सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात ते वेगळंच. आणि खरे गवई, म्हणजे दयाळ, चिरक, शिंपी, हे किडे खाणारे. ज्वारीकडे ते ढुंकूनही बघत नाहीत.

पाणी मात्र सगळ्यांनाच लागतं. उन्हाळ्यात आपल्याकडे ओढे आटतात, पारा चाळिशीपार जातो, आणि दयाळाचा विणीचा हंगामही तेव्हाच. नर झुंजूमुंजू होताच शेंड्यावर बसून गातो, काय गळा असतो त्याचा! चिरक तर आणखी धीट. काळा कुळकुळीत नर कठड्यावर उतरतो, शेपटी उभी करतो, तेव्हा खालचा तांबूस रंग दिसतो. जुन्या भिंतीच्या भोकातही तो घरटं करतो, म्हणून सगळी भोकं लिंपून टाकू नका.

परळ पसरट, मातीचं घ्या. दोन बोटं पाणी, मधे एक दगड. कडुनिंबाच्या सावलीत ठेवा, पण दाट झुडपाला लागून नको, मांजर दबा धरतं. रोज घासून पाणी बदला, नाहीतर शेवाळ धरतं, डास होतात.

माझं मत पाण्याच्या बाजूनं. कणसं हवीतच तर सुगीनंतर थोडी, मुलांसाठी. झाडांना वेळ लागतो, तरी शेवगा आणि जास्वंद लावाच, शिंजीर मधासाठी येतो. बुलबुलाला तुती.

बागेत कीटकनाशक मारत असाल, तर आधी ते थांबवा. किडेच उरले नाहीत तर दयाळ पिलांना भरवणार काय? आणि फोटोसाठी कुणी मोबाईलवर दयाळाचा आवाज लावू लागलं, तर तिथल्या तिथे थांबवा. दुसरा नर आपल्या हद्दीत शिरला असं समजून तो चवताळतो, पिलांचं भरवणं राहून जातं.